कित्त्यावरून गिरवलेला अर्ज

तुमच्या मागच्या पत्रात होतं की तुमच्या गावात नवा रस्ता व्हायचा आहे, त्याचा नकाशा शाळेत टांगलाय, आणि ज्याला जे म्हणायचं असेल ते त्याने सभेत उभं राहून सांगायचं. तुमची आई उभी राहून बोललीसुद्धा. तुम्ही विचारलंत, आजी, तुमच्या वेळी असं होतं का? होतं, पण उभं राहायची फार भीती वाटायची. काय झालं ते क्रमाने लिहिते.

आमचं बिऱ्हाड तेव्हा ठाण्याला होतं. टेंभी नाक्याकडून स्टेशनाकडे जाताना एक गल्ली लागायची, तिथे. घरात सासूबाई, तुमचे आजोबा, मी, तुमची आत्या आणि रांगणारे तुमचे वडील. आजोबा कचेरीत इंग्रजी कारकून होते. त्यांच्या पगारावर आम्ही सगळे जेवत होतो आणि दोघा दिरांचं शिक्षण चाललं होतं. ती नोकरी गेली असती तर परत गावी जाऊन भावकीच्या दारात उभं राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढची सगळी भीती त्या नोकरीची आहे.

गल्लीच्या तोंडाशी एक विहीर होती. खाडी जवळ असल्याने आसपासच्या विहिरींचं पाणी मचूळ. हिचं मात्र गोडं होतं. एके सकाळी मोजणीची साखळी घेऊन माणसं आली, त्यांनी खुंट्या ठोकल्या, विहिरीच्या कठड्यावर चुन्याने फुली मारली आणि कुणाशी एक शब्द न बोलता निघून गेली. दुपारपर्यंत गल्लीत कुणी म्हणे सगळी घरं पाडणार, कुणी म्हणे नुसते ओटे तोडणार. कोपरीची कोळीण टोपली उतरवत म्हणाली, "आमचेकरं पन ठोकल्यान खुंट्या, बाय. इचारलं तर बोलतान, कागुद बघा." कागद कुठे आहे ते मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

कागद कचेरीच्या भिंतीवर होता, इंग्रजीत. संध्याकाळी जेवताना आजोबांनी सांगितलं. गावच्या कमिटीने स्टेशनापासून सरळ रस्ता काढायचं ठरवलं होतं, त्यात विहीर बुजणार होती, आणि कुणाची हरकत असेल तर त्याने महिन्याच्या आत लेखी कळवायचं होतं. मग ताटावरून मान वर न करता ते म्हणाले, "आपल्या घरातून यात कुणी पडायचं नाही. सरकारी नोकराने सरकारी कामाला हरकत घेतली तर दुसऱ्या दिवशी त्याला घरी बसवतात." सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी भात वाढला.

गल्लीतल्या पुरुषांनी मराठीत एक अर्ज पाठवला. त्याचं उत्तर आलं नाही. कुणीतरी म्हणालं, कचेरीतल्या गोऱ्या साहेबापर्यंत इंग्रजीच कागद पोचतो. कचेरीच्या दारात अर्ज लिहून देणारे बसत, पण कमिटीच्या विरुद्ध लिहायचं म्हटल्यावर त्यांनी टाक खाली ठेवले. तेव्हा एका दुपारी शेजारच्या सोनारकाकू ताकाचं भांडं घेऊन आमच्याकडे आल्या, सासूबाई आत लवंडल्या आहेत याची खात्री करून घेतली आणि हळूच म्हणाल्या, "तुला येतं ना गं ते? तुझे यजमान तुला शिकवतात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे."

मी नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशीही नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी पाण्याला गेले तेव्हा विहिरीवर चार-पाच जणी पोहऱ्याचा दोर लांब धरून उभ्या होत्या. विचारलं तर म्हणे वाळत घालतोय. खरं म्हणजे त्या मापत होत्या. विहिरीच्या पलीकडे जकातीचं जुनं, मोडकं नाकं होतं, जागा कमिटीचीच. रस्ता तिथून किंचित वळवला तर विहीरही राहते आणि एकही ओटा तुटत नाही, हे त्या बायकांनी दोराने हात-हात मोजून काढलं होतं. दोन बैलगाड्या एकमेकींना घासून न जाता जातील एवढी रुंदी धरली होती. इतकं नेमकं काम पाहिल्यावर मला नाही म्हणवेना.

धान्याच्या कणग्यांच्या आडोशाला बसून दोन दुपारी मी अर्ज लिहिला. दाराची कडी वाजली की कागद पदराखाली. तुमचे वडील रडले तरी मी जागची उठत नसे.

मग सह्या. काकूंनी नंतर सांगितलं तेवढंच मला माहीत. पहिली सही करणारा पुढारी ठरेल आणि त्यालाच आधी धरतील, म्हणून सगळ्यांना मधली जागा हवी होती. मान वयाचा, म्हणून कागद गल्लीतल्या वैद्यबुवांपुढे सरकवला, तर ते म्हणाले, मला दिसत नाही. मग नाडी कशी बघता, असं कुणीतरी विचारलं. नाडी डोळ्यांनी बघत नाहीत, असं म्हणून बुवांनी कागद परत सरकवला. शेवटी काकूंनी नवऱ्याला बजावलं की आजपासून तुम्हाला पलीकडच्या विहिरीचंच मचूळ पाणी मिळेल. मग सोनारकाकांनी पहिली सही केली.

अर्ज गेला. त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी आजोबांचा जुना कित्ता झटकत होते, तेव्हा एका पानावर नजर गेली आणि मी झटकणं थांबवलं.

मला इंग्रजी शिकवायला बाई कुठून येणार? लग्नानंतर आजोबा वरच्या ओळी लिहून देत आणि मी खाली गिरवी. पाच वर्षं गिरवली. त्यांचं अक्षर उजवीकडे कललेलं, शेवटच्या अक्षराला शेपूट. माझंही तसंच. कित्त्यातली कुठली ओळ त्यांची आणि कुठली माझी, हे आता मलाच सांगता येईना. आणि तो अर्ज ज्या कचेरीत गेला होता, तिथे त्यांचं अक्षर रोज दहा जण बघत होते.

सांगावं तर तोंड उघडेना. ते कचेरीतून यायची वेळ झाली की मी त्यांच्या वहाणांचा आवाज ऐकत बसे. पाऊल जड वाटलं की समजे, आज कळलं. ते पाय धुवून संध्येला बसले की एक दिवस निभावला. जेवण जाईना. सासूबाईंनी विचारलं, पोटात दुखतं का? मी हो म्हणाले. त्यांनी ओवा दिला.

महिना संपायच्या आत साहेब स्वतः जागा बघायला आला. बरोबर कारकुनांच्या वरचे शिरस्तेदार, साखळीवाले आणि दुभाष्याचं काम करायला तुमचे आजोबा. पुरुष विहिरीभोवती जमले. आम्ही बायका दाराआड. आमचं दार विहिरीसमोरच होतं. साहेबाने अर्ज काढून आजोबांच्या हातात दिला आणि तो लोकांना मराठीत वाचून दाखवायला सांगितलं.

त्यांनी घडी उलगडली. मला त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी कागद जरा डोळ्यांजवळ नेला. मग वाचायला लागले, एकेक शब्द नीट, कुठेही न अडखळता. ते वाचत असताना शिरस्तेदार त्यांच्या खांद्यावरून कागदात डोकावले.

"अक्षर ओळखीचं वाटतंय," ते म्हणाले. "रोज बघतो मी हे."

सोनारकाका जमिनीकडे बघत होते. आजोबा म्हणाले, "अक्षर माझं आहे. अर्ज मी लिहिलेला नाही."

शिरस्तेदार हसले आणि ते साहेबाला इंग्रजीत सांगू लागले. मला सगळं समजत होतं, हेच वाईट. सरकारी नोकर, विश्वासघात, हे शब्द मी आजोबांच्याच कित्त्यावर गिरवले होते. तेवढ्यात शेजारून सासूबाईंचा आवाज आला, दाराआडूनच, पण सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"अर्ज माझ्या सुनेने लिहिला. कणग्यांमागे बसून. मी बघितलंय."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या पुढे बघत होत्या. "जा आता," त्या मला म्हणाल्या. "पदर नीट घे."

मी ओट्यावर आले. इतक्या पुरुषांसमोर मी कधी उभी राहिले नव्हते. साहेबाने कागद आणि टाक पुढे केला आणि अर्जातलीच तिसरी ओळ सांगितली. मी खाली बसून गुडघ्यावर लिहिली. वाटलं, इतक्या डोळ्यांसमोर अक्षर वेगळं येईल आणि आपल्याच हाताने आपण यांची नोकरी घालवू. एक डाग पडला. पण पाच वर्षांची सवय. अक्षरं कलली, शेपट्या आल्या. साहेबाने दोन्ही कागद शेजारी धरून पाहिले. मग मला इंग्रजीत विचारलं, ही मापं कशाने घेतली?

मला एकच शब्द सुचला. "रोप," मी म्हणाले, म्हणजे दोर, आणि विहिरीकडे बोट केलं.

त्याने साखळीवाल्यांना मोजायला लावलं. बायकांचा हिशेब बरोबर निघाला. साहेब वहीत लिहून निघून गेला. आजोबाही त्याच्याबरोबर गेले, माझ्याकडे न बघता.

संध्याकाळी ते मला रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. पुढचे आठ दिवस ते कचेरीत जात, येत, आणि घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. नवव्या दिवशी हुकूम आला. नोकरी राहिली होती. बदली कल्याणच्या कचेरीत. ती शिक्षा होती की नेहमीची बदली, हे आम्हाला कधीच कळलं नाही. रस्ता जकातनाक्यावरून वळला, असं काकूंनी नंतर निरोपात कळवलं.

कल्याणला सामान लागल्यावर आजोबांनी पहिल्याच रविवारी मला नवीन वही आणून दिली. वरच्या ओळीवर त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं.

"आता तुझं तू अक्षर काढ," ते म्हणाले. "उभं काढ. माझ्यासारखं नको."

त्यांचा आवाज कापत होता. मला तोवर वाटत होतं की घरात घाबरलेली मी एकटीच आहे. मी खूप रडले, कारण मला ते कललेलं अक्षर आवडायचं. पण उभं काढलं. सहा महिने लागले. कल्याणलाही पुढे खुंट्या आल्या, बायका आल्या, आणि मी त्यांना उभ्या अक्षरात अर्ज लिहून दिले, दरवेळी तितकंच घाबरत. या पाकिटावर तुमचा पत्ता इंग्रजीत आहे, तो त्याच अक्षरात.