‘लागू नाही’ ठरवलेला अध्याय

आमच्या पिंपळे गुरवच्या घरी दर रविवारी दुपारी बायकांची प्रार्थनासभा भरते. वर्षभराच्या बायबलवाचनाचा तक्ता मी करते. चाकणच्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. तपासणीच्या कागदावरचा एखादा मुद्दा आपल्या कामाचा नसला, की आम्ही त्यापुढे ‘लागू नाही’ लिहितो आणि पुढे जातो. बायबलच्या जुन्या करारातल्या कत्तलींपुढे, जाळलेल्या शहरांपुढे मी तेच लिहिलं होतं.

सभेतल्या सगळ्यांत वयस्कर आजी तक्ता बघून म्हणाल्या होत्या, “रक्त काढलंस, भांडणं काढलीस. मग राहिलं काय गं, पुठ्ठा?”

सगळ्या हसल्या. मीही.

मागच्या उन्हाळ्यात जालन्याकडची एक बाई सभेनंतर मागे थांबली. तिचा नवरा अपघातानंतर तीन आठवडे इस्पितळात होता, नुकताच घरी आला होता.

“ताई, मी नवस बोलले होते. हे वाचले तर पोरगी देवाच्या सेवेला देईन म्हणून. बायबल शाळेचा फॉर्म तेवढा भरून द्या.”

पोरगी डिप्लोमा झालेली. चाकणला नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं.

“तिला विचारलंस?”

“देवाला शब्द दिलाय. तिला काय विचारायचं?”

फॉर्म माझ्या फाइलमध्ये होता. मी पेनही उघडलं. मुलीचं नाव लिहिता लिहिता आठवलं, हा ‘नवस’ शब्द आपण कुठे वाचलाय. मी वगळलेल्या एका अध्यायात.

तो आम्ही दोघींनी वाचला. एक सेनापती नवस करतो: लढाई जिंकून आलो, तर घराच्या दारातून जे पहिलं बाहेर येईल त्याचा बळी देऊन होम करीन. डफ वाजवत, नाचत बाहेर येते ती त्याची एकुलती एक लेक. तो उलट तिलाच बोल लावतो. ती दोन महिने मागून घेते, मैत्रिणींबरोबर डोंगरात जाऊन रडते आणि परत येते. बाप शब्द पाळतो.

“देव थांबवत नाही त्याला?”

“देव इथे काहीच बोलत नाही.”

“आणि शेजारपाजारचे?”

“त्यांचंही काही लिहिलेलं नाही.”

हे लिहून ठेवणाऱ्याने बापाला कुठे शाबासकी दिलेली नाही. घडलं ते फक्त समोर ठेवलंय. ‘थांब’ म्हणणारं माणूस त्यात नाही, आणि ती जागा वाचणाऱ्याची असावी असं मला त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं. मी मात्र दर वर्षी ते पान झाकत आले होते. आत्ता तर फॉर्मही भरत होते.

“मग शब्द मोडू?” तिने विचारलं. “ह्यांना पुन्हा काही झालं तर?”

“ते मला नाही सांगता येणार. पण शब्द तू दिलास. तिने नाही. सेवा करायची तर तू कर.”

खाली स्कूटीचा हॉर्न वाजला आणि पाठोपाठ पोरगी वरच आली. “आई, चल, पप्पांच्या गोळ्यांची वेळ झाली.”

बाई चप्पल घालता घालता थांबली. “आधी सांग, तुला जायचंय का?”

“कुठे?” पोरीने विचारलं.

तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.