ताराच्या वाट्याची सुकडी

मी लिहावं असा माझा अधिकार नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही आणि मीही अजून शिकतोच आहे. चुकलं तर गावाकडच्यांनी आणि माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्यांनी माफ करावं. पण हा राग आता गिळवत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात दिवाळीनंतर कर्जतहून पुण्याच्या एसटीत बसलो, तेव्हा विहिरींनी तळ गाठला होता. धाकटी बहीण तारा खिडकीखाली डबा घेऊन उभी. बारा-तेरा वर्षांची, पण दिसायची नऊची. "दादा, कालेजात माश्या पाळत्यात म्हनं? मग हितल्याच न्या की, फुकाट हायत!" कंडक्टरसुद्धा हसला. आई एवढंच म्हणाली, "पोटाला चिमटा घिऊ नगंस. डोस्क्याचं काम हाय तुजं."

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या माश्या म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंघावतात त्या बारीक फळमाश्या. अंडं, अळी, कोष, माशी. प्रत्येक टप्प्यावर अंगात प्रथिन किती, हे मोजणं माझं काम. अळ्या वाटायच्या, गाळायच्या, रसायन घालायचं. प्रथिन जास्त, तितका निळा रंग गडद. अळी खाते तोवर निळा चढत जातो. मग ती कोषात शिरते आणि खाणं संपतं. आत अळीचं अंग मोडतं, आणि साठवलेल्या प्रथिनातूनच पंख, पाय, डोळे घडतात. अळी अर्धपोटी राहिली तर माशी लहान निघते. पुढे तिला कितीही चारा, ती वाढत नाही.

या माश्यांसाठी मी मक्याच्या पिठात गूळ घालून शिजवत असे. गावाकडे तेव्हा रेशनची लाल मिलो ज्वारी खात होते. गुळाचा वास आला की भांडं आपटावंसं वाटे.

दर शनिवारी कर्जतच्या गाडीनं माझा डबा येई. भाकरी, शेंगदाण्याची चटणी. संक्रांतीनंतर त्यात एक पुडीही येऊ लागली, भाजक्या पिठासारखी गोड भुकटी. मी ती पाण्यात कालवून खाई. वाटे, घरी बरं चाललंय.

एकदा स्टँडवर ज्ञानबाकाका भेटले. आमचे शेजारी, दुष्काळानं पुण्यात बांधकामावर आलेले. पुडीचा वास घेऊन म्हणाले, "आरं, ही तर सुकडी! सरकारी खडीच्या कामावर पोरांना वाटत्यात ती. तारी आपल्या वाट्याची परकराच्या ओच्यात बांधून घरी आनती, आन वैनी तुला धाडती. एवढा शिकलास, आन कुनाच्या तोंडचं खातोस ते ठावं न्हाई व्हय?"

पुडी घेऊन तसाच गाडीत बसलो. दारातूनच आईवर ओरडलो, "तिची वाढायची येळ हाय ही! आता न्हाई खाल्लं तर मागनं काय बी उपेग न्हाई!"

"पोरीच्या जातीला काय करायचंय? उद्या परक्याच्या घरी जानार ती. तुज्या माश्यांचं शानपन माश्यांपाशी ठेव."

"भांडू नगा," तारा म्हणाली. "मला न्हाईच आवडत ती." आणि माझ्या हातातल्या पुडीच्या कागदाला बाहेरून चिकटलेली भुकटी तिनं बोटानं पुसून चाटली.

आमच्याकडे ताटं आधी बाप्यांची वाढतात. ती रीत मी जन्मभर पाहिली होती, पण राग त्या दिवशी पहिल्यांदा आला. घर म्हणजे आपला वाटा राखून ठेवणारी माणसं, असं मी पुण्यात सगळ्यांना सांगत आलो होतो. तो वाटा कुणाच्या ताटातून निघतो, हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. आता घर आठवलं की तो चाटलेला कागद आठवतो.

पुढच्या शनिवारी डब्यात पुडी होती. मी ती तशीच परत धाडली. त्यानंतर पुडी येणं थांबलं. भाकरी येई, चटणी येई, पुडी नाही. मला वाटलं, आईनं ऐकलं. अळ्या मोजताना मनात येई, तारा खात असेल.

परीक्षा संपली त्या दिवशी ज्ञानबाकाका खोलीवर आले.

"तारीचं लगीन झालं. नेवाशाकडं दिलीय. खानारं एक तोंड कमी, म्हनली वैनी. तुजं परीक्षेतलं ध्यान मोडंल म्हनून कळवू दिलं न्हाई."

"कधी?"

"पुडी बंद झाली, तवाच. घरात पोरच न्हाई, तर सुकडी कुठनं येनार?"