वाजायच्या आधीच काढलेली दाढ

कसं सांगू, हसाल तुम्ही! हसा खुशाल. मला मात्र अजून आठवलं की डोक्यात सणक जाते.

तेव्हा मी साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये फिटर होतो. शाळा आठवीत सुटली, पण हात चालायचा. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मात्र जीभ टाळ्याला चिकटायची. अशात गल्फच्या नोकरीचं जमून आलं. अंधेरीच्या एका एजंटाकडे तिकडचे साहेब येणार, काम करून घेऊन बघणार, पास झाला तो विमानात!

ही बातमी आमच्या भांडुपच्या चाळीत पसरली आणि जो तो सल्ला द्यायला लागला. शेजारच्या वसंताचा मेव्हणा तिकडे होता. त्याची म्हणे अक्कलदाढ ऐन वाळवंटात ठणकली.

"दिग्या, तू दाढा काढून टाक रे," वसंता म्हणाला.

"पण माझ्या दुखत नाहीत."

"म्हणूनच तर! दुखल्यावर तिकडे कोण आहे तुझं? उंट?"

मला पटलं! का पटलं? आमच्या धंद्यात नियमच तो. मशीन लांब पाठवायचं असलं, की बेअरिंग वाजायच्या आधीच बदलायचं.

स्टेशनजवळच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी एक्स-रे काढला, आरसा घालून कानाकोपरा बघितला.

"छान आहेत चारही. सरळ आल्यात, हिरडी साफ आहे, ब्रश मागपर्यंत पोचतो. काढायच्या कशाला?"

मी अडखळत बेअरिंगचा नियम सांगितला.

"अहो, बेअरिंग बाजारात नवं मिळतं. दाढ मिळते का? जायच्या आधी एकदा दाखवून जा, बस."

आता ह्यात चिडण्यासारखं काय होतं, सांगा! पण जन्मात कोणाला उलट न बोललेला मी, नेमका तिथे भडकलो. "तुमचं काय जातंय? वाळवंटात ठणका मला लागणार!" आणि दार आपटून निघालो. दार स्प्रिंगचं. उलट येऊन माझ्याच पाठीत बसलं. राग आणखी वाढला.

त्याच रागात घाटकोपरला दुसरा डॉक्टर गाठला.

"काढायच्या?"

"हो."

संपली चर्चा! खालच्या दोन लगेच, वरच्या नंतर. आता धडधाकट दाढ, ती काय सुखासुखी सुटते? तो घामाघूम झाला. "कसल्या घट्ट बसल्यात यार!" म्हणाला. तेव्हा तरी थांबावं की नाही मी?

दोनच दिवसांनी टेस्ट होती. त्या दिवशी सकाळी आईने मला बघितलं आणि हातातला तांब्या खाली ठेवला.

"मेल्या, तोंडाचो भोपळो करून घेतलंस!"

दोन्ही गाल टम्म. जबडा उघडेल तर शपथ. तसाच अंधेरीला गेलो. एजंटाच्या क्लार्कने पासपोर्ट उघडला. फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला.

"हा तू?"

मी मान हलवली.

"नाव सांग."

"डिंऊं..."

"काय?"

"डिंऊंऊं!"

त्या काळी लोक स्वतःच्या जागी दुसरा मुरलेला कारागीर टेस्टला उभा करायचे. क्लार्क ओरडला, "डमी आलाय रे! तोंडात बोळे कोंबून आलाय, आवाज ओळखू येऊ नये म्हणून! ए, सही करून दाखव."

रागाने मी पेन असं दाबून ओढलं, की सहीसुद्धा जुळली नाही. वाट लागली! मी टेबलावर मूठ आपटली. तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या, पण बाहेर काय पडलं? "ऊंऊं, ऊंऊं!" लाइनीतली माणसं पोट धरून हसायला लागली.

क्लार्कने फोटो माझ्यासमोर धरला. "बघ, हा माणूस किती गरीब, शांत दिसतो. तू कसला भांडखोर! जा, ह्याला पाठव. साहेब संध्याकाळपर्यंत आहेत, रात्री त्यांचं विमान आहे."

मी पाय आपटत घरी आलो. वसंताला, घाटकोपरवाल्याला, क्लार्कला, सगळ्यांना मनातल्या मनात झोडपलं. पण क्लार्क तरी खोटं काय बोलला? फोटोतल्या माणसाला पाठवलं असतं, तर तो नक्की पास झाला असता. त्याच्या चारही दाढा जागेवर होत्या. आणि डोकंसुद्धा!