विमलाबाईंसाठी गाडी

काचेच्या भिंतींवर सकाळचं ऊन, छतातून ओतणारे पांढरेशुभ्र दिवे आणि त्या झगझगाटाच्या ऐन मध्यावर, नायिकेनं प्रवेश घेऊन क्षणभर थबकावं तशी उभी असलेली सात जणांची नवी कोरी गाडी. बॉनेटवर झेंडूचा हार. आणि तिच्या पायाशी, शोरूमच्या चकचकीत फरशीवर, ओळीनं मांडलेले चपलांचे जोड.

चपला काढायला लावल्या होत्या विमलाबाईंनी. "नवी गाडी म्हणजे लक्ष्मी. चपला घालून कुणी चढायचं नाही." मग मुलगा सौमित्र, सून कल्याणी आणि दोन नातवंडं अनवाणी आत जाऊन बसली. यजमान बद्रीनाथ स्टिअरिंगमागे बसले. विमलाबाई बाहेरच.

"काकू, तुम्ही पण बसा ना," शोरूममधली भाग्यश्री म्हणाली.

"असू दे. मी चपला बघते."

"अहो, इथे चपला कोण नेणार?"

"नेत नसतील. पण नेल्याच, तर तुम्ही शोधायला येणार आहात का?"

भाग्यश्री हसली. बद्रीनाथांना हसू आलं नाही. बाजूच्या आरशात त्यांना बायको दिसत होती. खांद्याला सगळ्यांच्या पिशव्या, हातात नातवाची पाण्याची बाटली, चेहऱ्यावर समाधान.

विमलाबाई वाशीमकडच्या. लग्न करून पुण्यात आल्या आणि जवळच्या मांजरी गावात बालवाडी चालवू लागल्या. सहलीला निघताना शेवटचं पोर चढल्याशिवाय त्या बसमध्ये पाऊल ठेवत नसत. तोवर बाक भरून गेलेले, मग बाईंची बैठक दारातल्या पायरीवर. घरीही तोच प्रयोग. जुनी गाडी पाच जणांची आणि माणसं सहा. "तुम्ही जा बाई, मला गाडी लागते," म्हणत त्या फाटकाशी उभ्या राहून हात हलवायच्या. मुलांना ते खरंच वाटायचं. बद्रीनाथांना मात्र ठाऊक होतं. वाशीमहून पुण्यापर्यंत एसटीच्या मागच्या बाकावर, खड्ड्याखड्ड्याला उडत, तिखट भेळ खात आलेली बाई होती ती! पण जागाच नाही, तर माणूस "चल" तरी कोणत्या तोंडानं म्हणणार?

म्हणून ही मोठी गाडी. सौमित्रला तिच्यात काय काय बघायचं होतं. बद्रीनाथांना एकच बघायचं होतं, विमल बसते की नाही.

अखेर कल्याणीनं हाताला धरून त्यांना आत घेतलं. मधल्या रांगेला हातही न लावता त्या थेट मागच्या चिंचोळ्या रांगेत शिरल्या. गुडघे छातीशी आले. नव्या मॅटला डाग नको म्हणून पावलं अधांतरी.

"छान आहे हो," त्या म्हणाल्या. दुसऱ्यांच्या लग्नातलं रुखवत बघताना म्हणायच्या, अगदी त्याच आवाजात.

दुपारी सगळे लोणी काळभोरला गेले. बद्रीनाथांच्या कारखान्यातले जुने सोबती मैनुद्दीनभाई तिथे राहतात. मुली सासरी गेल्या, आता नवराबायको दोघांना एवढी लांबरुंद, सात जणांची गाडी कशाला, म्हणून ते ती विकत होते. सौमित्रच्या मेकॅनिकनं आदल्या आठवड्यातच ती तपासून खणखणीत असल्याचं सांगितलं होतं. तरी सौमित्रचा पाय मागेच. "बाबा, आपली पहिली मोठी गाडी, आणि तीही कुणीतरी वापरलेली?"

"कुणीतरी नाही रे, आम्ही वापरलेली," मैनुद्दीनभाई म्हणाले, आणि सौमित्र लाजला.

मैनुद्दीनभाईंच्या पत्नी नसीमबानूंनी मधल्या रांगेचं दार उघडलं आणि त्या ओशाळल्या. सीटवर मोठा पिवळट डाग होता. "ताई, धाकटीच्या लग्नाहून येताना बिर्याणीचं पातेलं कलंडलं. किती घासलं, जातच नाही."

"लग्नाचाच डाग ना? मग राहू दे की," म्हणत विमलाबाई आत चढल्या. चपलांसकट! खिडकीशी रेलल्या, काच खाली केली, पाय ऐसपैस सोडले आणि नसीमबानूंना शेजारी ओढून घेतलं. "कुठे कुठे फिरलात हो हिच्यातून?"

नसीमबानू सांगू लागल्या. मिरजेचा उरूस, खडकवासल्याची कणसं, खिडकीसाठी पोरींनी केलेल्या मारामाऱ्या. सांगता सांगता त्या सीटवरून हात फिरवू लागल्या. विमलाबाईंनी पर्समधून चिवड्याची पुडी काढून त्यांच्या हातावर ओतली.

"आई, सांडतोय चिवडा," सौमित्र म्हणाला.

"सांडू दे. डागाला सोबत होईल."

बद्रीनाथ खिडकीपाशी येऊन वाकले. साडी असो, फ्रिज असो, राहतं घर असो, त्यांनी विचारावं आणि विमलाबाईंनी "तुम्हाला आवडेल ते" म्हणावं, असा त्यांचा आजवरचा संसार. तरी त्यांनी आज पुन्हा विचारलं, "विमल, सकाळची नवी घ्यायची, की ही?"

"नवीला वॉरंटी आहे हां, आई," सौमित्रनं आठवण करून दिली.

विमलाबाईंनी तोंडातला चिवडा सावकाश संपवला. नवऱ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि सीटवर पाठ आणखी टेकवली.

"अहो, हीच घ्या. आणि मागच्या रांगेत कोण बसणार ते तुमचं तुम्ही ठरवा, मी काही आता इथून हलत नाही."