गळ्यापासून खालचे फोटो

मी सुरतेत साड्यांचे फोटो काढतो. मार्केटमधल्या व्यापाऱ्यांचे कॅटलॉग. मॉडेल उभी करायची, पदर पसरायचा, काठ नीट दिसला पाहिजे आणि फोटो गळ्यापासून खाली. "चेहरा छोडो भाई, माल दिखाओ." वीस वर्षं हेच ऐकतोय. कापडापलीकडे काही दिसत नाही या लोकांना! मनातल्या मनात मी त्यांना शिव्या घालतो, आणि त्यांच्याच कामावर लिंबायत भागात माझं दोन खोल्यांचं घर चालतं.

माझी मुलगी शाळेकडून खो-खो खेळते. ती यंदा दहावीला, म्हणजे यंदाची स्पर्धा शाळेकडून शेवटचीच. बायको सुरतेबाहेर सचिन गावच्या एका कारखान्यात साड्यांना लेस लावते. तिथं सुट्टी मागितली तर उद्यापासून येऊच नको म्हणतात. त्यामुळे तिनं पोरीला खेळताना एकदाही पाहिलेलं नव्हतं. घरात आम्ही अहिराणी बोलतो. ती मला म्हणाली, "पोर पयस तव्हय तिनं तोंड कसं दिखस, ते माले देखनं शे." पळताना पोरीचं तोंड कसं दिसतं, एवढंच तिला बघायचं होतं. वीस वर्षांत तिनं माझ्याकडे मागितलेला हा पहिला फोटो.

मी म्हटलं, त्यात काय!

आता मैदानावर लांबून फोटो काढायचा तर माझी रोजची लेन्स उपयोगाची नव्हती. म्हणून मोबाईलवर लेन्सांबद्दलचे व्हिडिओ बघायला बसलो. एकेक शहाणा अर्धा तास बडबडायचा आणि शेवटी कुंपणावरच्या कावळ्याचा फोटो दाखवायचा. अरे, कावळा बसलाय! तो काय पळतोय? मागच्या स्पर्धेत बघितलेले ते बडे बाप तर विचारूच नका. अंगात दहा खिशांचं जाकीट, गळ्यात हातभर पांढरी लेन्स. पोरं पहिल्याच फेरीत हरून घरी निघाली, आणि हे एकमेकांना विचारतायत, तुझी केवढ्याची? यांच्या हातात कॅमेरा कुणी दिला देव जाणे.

लेन्स भाड्यानं देणाऱ्याच्या दुकानात गेलो. माणूस माझ्याच वयाचा होता. त्यानं विचारलं, "मैदान केवढं? तुम्ही उभे कुठं राहणार?"

"दोरीला लागून."

"मग ही सत्तर-दोनशेची न्या. पोरगी लांब असली की फिरवून जवळ ओढायची, अंगावर आली की मागं न्यायची."

मला हसूच आलं. ज्याला आपल्याला काय पाहिजे तेच कळत नाही, त्यानं फिरवत बसावं. मी कपाटातल्या तीनशे एमएमच्या लेन्सकडे बोट दाखवलं. काळी, जाडजूड, वजनदार.

"ती मागंपुढं होत नाही हं, साहेब. खेळाडू जवळ आली की अर्धीच मावेल."

"वीस वर्षं हेच करतोय," मी म्हटलं. त्यानं पावती फाडली.

स्पर्धेच्या दिवशी संघाला नवे टी-शर्ट मिळाले होते. आमच्या भागातल्या, तिकिटाच्या आशेवर बसलेल्या एका भाऊंनी दिलेले. पुढं छातीवर भाऊंचा हसरा चेहरा, ताटाएवढा. बारा पोरी आणि बारा भाऊ मैदानात उतरले. शी! पोरींची नावं पाठीवर टाकायची कुणाला आठवण झाली नव्हती.

पोरगी मात्र काय खेळली! खांबाला हात घालून गर्रकन वळायची, परत सूर मारायची. दोनदा तर माझ्यापासून आठ-दहा पावलांवरून गेली. मी सारखं बटण दाबत होतो. मध्ये थांबून कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून बघितला. टी-शर्टाचा धागा न् धागा मोजता येत होता. आहाहा! दुकानदाराची कीव आली मला.

संध्याकाळी बायको कामावरून आली. हातपाय धुतले, पदराला हात पुसले आणि लॅपटॉपसमोर मांडी घालून बसली. पोरगी तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवून. मी मोठ्या रुबाबात पहिला फोटो लावला.

बायको वाकून बघत राहिली.

"हाऊ कोन शे?"

भाऊ. मिशीचा एकेक केस दिसत होता. वर पोरीचा गळा, आणि गळ्याशी फोटो संपलेला. दुसरा लावला. भाऊ. तिसरा, चौथा, दहावा. माझ्या हाताला दुपारी सुचलंच नव्हतं वर जायचं. जवळ आल्यावर अर्धीच मावणार होती, आणि कुठली अर्धी ठेवायची ते हातानं मला न विचारता ठरवून टाकलं होतं.

"मनी पोरनं तोंड कोठे शे?" बायकोनं विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी लांबचे फोटो शोधू लागलो. त्यांत पोरगी पाठमोरी, नाहीतर दुसरीच्या आड. ज्या व्यापाऱ्यांना मी नावं ठेवत आलो, त्यांच्याहून मी हलकट. ते निदान परक्या बायकांची मुंडकी उडवतात.

"थांब मम्मी, मी करीसन दखाडस," पोरगी म्हणाली आणि लॅपटॉप बाजूला सारून उठली. कॉट आणि गॅसच्या ओट्यामध्ये तीन पावलांची जागा. तिथं ती खाली वाकली, एक हात जमिनीला टेकवला, खालचा ओठ दातांत धरला. नाकपुड्या फुगल्या. डोळे असे काही बारीक केले की मीसुद्धा ते तसे कधी पाहिले नव्हते. बायको पुढं सरकली, तोंडावर हात ठेवून.

मी झटकन कॅमेरा उचलला. ती लेन्स अजून तशीच लावलेली. घुर्र घुर्र करत ती फोकस शोधत राहिली. इतक्या जवळचं त्या लेन्सला दिसेना. पुन्हा दाबलं. पुन्हा घुर्र.

"ते ठेवा खाले," बायको माझ्याकडे न बघता म्हणाली. "माले देखू द्या."