दिवसातून वीस वेळा लागणारं लग्न

एकाच ऑफिसात अकरा वर्षं काढली की पगार वाढो न वाढो, किस्से वाढतच राहतात. घरी कोणी जेवायला आलं की बायको मला आधीच बजावते, "एकच सांगा." पण एकाने भागत नाही, कारण आमच्या ऑफिसातला कुठलाही किस्सा फिरून फिरून एकाच लग्नाच्या मांडवात जाऊन बसतो. यंदा तर त्या लग्नापायी आमच्या प्राजक्ताची नोकरी जायची वेळ आली होती. ते सांगणारच आहे, पण आधी लग्नाचं सांगावं लागेल.

आमची कंपनी नागपूरच्या मनीषनगरात, दातांच्या दवाखान्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. आम्ही फाइल सर्व्हरचं सॉफ्टवेअर बनवतो. म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यांच्या फायली जिथे एकत्र राहतात, ते कपाट. कपाट पटकन उघडलं पाहिजे, एवढीच गिऱ्हाइकाची अपेक्षा असते आणि तेवढंच अवघड असतं. म्हणून आमच्याकडे कोणी कोडमध्ये एक ओळ जरी बदलली, तरी मशीन आपोआप नवं सॉफ्टवेअर तयार करतं, टेस्टच्या सर्व्हरवर चढवतं, त्यावर एक भलंमोठं फोल्डर कॉपी करतं आणि किती वेळ लागला ते भिंतीवरच्या टीव्हीवर ठिपका काढून दाखवतं. ठिपके जोडून रेषा होते. रेषा खाली आली म्हणजे सर्व्हर चपळ झाला. वर गेली, की शेवटची ओळ ज्याने बदलली त्याच्या टेबलावर सुतक.

ते भलंमोठं फोल्डर म्हणजे देवतळे सरांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो.

*

देवतळे सर आमचे प्रमुख. मनाने मोकळे, पण राग नाकाच्या शेंड्यावर. पूर्वी आम्ही टेस्टसाठी खोट्या फायली बनवायचो, सगळ्या एका मापाच्या. सर म्हणाले, "असं कोणाचं कपाट पाहिलं का गा तुम्ही? माणसाच्या कपाटात पसारा असते." दुसऱ्या दिवशी लग्नाच्या फोटोंची हार्ड डिस्क घेऊन आले. हजारो फोटो, हळदीपासून पाठवणीपर्यंत, लहान, मोठे, हललेले, मधेच व्हिडिओ, आचाऱ्याच्या सामानाची यादीसुद्धा. पसारा एक नंबर होता.

कॉपी झालेला फोटो अर्धवट किंवा फाटका तर आला नाही ना, हे बघायला ठरावीक तीस फोटो उघडून बघायचे, हे काम माझं. तेच तीस फोटो, तीन वर्षं.

एकदा सीताबर्डीवर मोबाइलचं कव्हर घेत होतो आणि समोरून अगदी ओळखीचे काका आले. मी आपुलकीने हात जोडले. "काय काका, गुडघा काय म्हणतो?"

काका थबकले. "बरा आहे. पण आपण कोण जी?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. यांना मी फक्त फोटोत पाहिलं होतं, मांडवाच्या दारात, खुर्चीवर, गुडघा धरून बसलेले. आता हे सांगू कसं? "मी देवतळ्यांकडचा," म्हणालो.

काकांनी माझा हात घट्ट धरला. "देवतळ्यांकडचा? मग लग्नात दिसला नाही काहून गा?" आणि भर रस्त्यात पाच मिनिटं माझी हजेरी घेतली.

*

मे महिन्यात नागपुरात माणसं दमतात तशी मशीनही दमतात. एका मे महिन्यात सर्व्हरच्या खोलीतल्या एसीने मान टाकली आणि टीव्हीवरची रेषा दुपार झाली की वर चढायला लागली. सरांनी घरचा कूलर आणून खोलीच्या दारात लावला, वाळ्याच्या ताट्यांसकट. रेषा उतरली आणि खोलीला वाळ्याचा वास सुटला.

नेमका त्याच दिवशी पुण्याच्या एका गिऱ्हाइकाचा व्हिडिओ कॉल होता. त्याने विचारलं, "तो मागे घरघर आवाज कसला आहे?"

"आमची कूलिंग सिस्टीम आहे," सर म्हणाले.

"पूर्ण ऑटोमॅटिक आहे का?"

सर खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "नाही. दर दोन तासांनी बादलीभर पाणी टाकावं लागतं."

ऑर्डर मिळाली. एवढ्या उन्हात चालतं म्हणजे आमच्याकडे धावेल, असं ते म्हणाले म्हणे.

*

धनंजय आमचा सगळ्यांत हुशार प्रोग्रॅमर आहे, निदान त्याचं तरी तसं मत आहे. त्याच मे महिन्यात, अक्षय्य तृतीयेनंतर दोन दिवसांनी, त्याने एक छोटा बदल टाकला आणि रेषा धाडकन खाली आली. एवढी खाली, की आम्ही सगळे टीव्हीसमोर गोळा झालो.

"काय केलं गा तू?" मी विचारलं.

"वरून छोटं दिसते," धनंजय खुर्चीत मागे रेलला, "पण त्यामागे विचार लय आहे."

बदल काय होता? लॉगिनचं निळं बटण त्याने हिरवं केलं होतं. आता त्याने सर्व्हरचा वेग कसा वाढेल, असं कोणीही विचारायला हवं होतं. पण सर नेहमी म्हणायचे, "रेषा खोटं बोलत नाही." मग आम्ही कोण बोलणार! तर्री-पोहे मागवले. धनंजयने नंतर नव्या पोरांना वेगाबद्दल तासभर लेक्चरही दिलं. त्या दिवशी पोह्यांना हात लावला नाही तो एकट्या सरांनी. सकाळपासून चेहरा पाडून बसले होते. त्यांच्या नवीन घराची वास्तुशांती झाली होती, थकले असतील असं आम्हाला वाटलं.

*

पुढची पाळी माझी. ऑगस्टमध्ये, राखीच्या दुसऱ्या दिवशी मी एक साधा बदल टाकला आणि रेषा चढली ती चढलीच.

आठ दिवस मी जिवाचं रान केलं. केबल बदलली. डिस्क बदलली. माझा बदल काढून टाकला, तरी रेषा वरच. शेवटी सर्व्हरवर उदबत्ती ओवाळायची तेवढी राहिली होती, तीही धनंजयने ओवाळली आणि वर मला म्हणाला, "माझ्या बटणाची सारी कमाई घालवली गा तू."

सर मात्र त्या आठवड्यात भलतेच खुशीत होते. संत्रा बर्फीचा डबा घेऊन माझ्या टेबलाशी आले, "घे, घे, बहिणीने आणली," म्हणाले, आणि मी बर्फी तोंडात टाकल्यावर त्याच हसऱ्या चेहऱ्याने विचारलं, "रेषेचं काय झालं?" ती बर्फी मला गिळवली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात रेषा पुन्हा धाडकन खाली आली. श्रेय धनंजयने घेतलं. त्या दिवशी तो रजेवर होता.

*

आता प्राजक्ता. ही मुलगी भिवापूरची, घरची मिरचीची शेती. जूनमध्ये लागली तेव्हा पहिल्याच दिवशी आम्हा सगळ्यांना घरच्या तिखटाची एकेक पुडी दिली आणि सांगितलं, "अर्धाच चमचा टाका." धनंजयने एक टाकला. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही.

सहा महिने परीक्षेचे. त्यात स्वतःचा एक मोठा बदल करून दाखवायचा आणि तो टेस्टमध्ये पास व्हायला हवा, ही अट. तिने चार महिने खपून सर्व्हरची फायली शोधायची पद्धतच नव्याने लिहिली. दिवाळीनंतर, भाऊबीज झाल्यावर ऑफिस उघडलं त्या दिवशी तिने ती टाकली.

रेषा वर गेली.

मुलगी पांढरीफटक पडली. सरांना तिची दया आली, पण नियम त्यांचा स्वतःचा होता. "मी काय करू वं? रेषा खोटं बोलत नाही. शुक्रवारपर्यंत खाली आण, नाही तर मले सही करता येणार नाही." असं म्हणून त्यांनी तिच्यापुढे बर्फीचा डबा धरला.

मला माझे आठ दिवस आठवले. खरं सांगतो, मला वाटलं, ही गेली. मी तिला केबल बदलायचा सल्ला दिला. माझ्याकडे दुसरा सल्लाच नव्हता.

तिने केबलला हात लावला नाही. बुधवारी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "दादा, माझे बाबा मिरची विकायले जातात ना, तर घरून एक किलोचं वजन पिशवीत घेऊन जातात. पहिले ते काट्यावर ठेवतात. काटा एक किलो दाखवते का ते पाहतात, मगच मिरची ठेवतात. आपण रोज मिरचीच मोजून राहिलो. काटा कधी पाहिला का?"

"म्हणजे?"

तिने मागच्या उन्हाळ्यातलं जुनं सॉफ्टवेअर, तेव्हा अगदी झकास पळालेलं, तसंच्या तसं आज पुन्हा टेस्टला लावलं होतं. तेही मंद निघालं! म्हणजे दोष तिच्या कामात नव्हता. काट्यातच काहीतरी झालं होतं.

मग ती टेस्टच्या रिपोर्टच्या अगदी तळाशी गेली. तिथे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, एकूण किती फायली कॉपी झाल्या. तीन वर्षं आम्ही कोणी तिथवर उतरलो नव्हतो. सरांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो, ते कोण मोजणार? प्राजक्ताने मोजले. कधी फोटो कमी, कधी जास्त. मे महिन्यात कमी झाले, राखीला वाढले, पुढच्या उन्हाळ्यात कमी, आता भाऊबीजेला पुन्हा वाढले. जे यायचे-जायचे, त्या प्रत्येक फोटोत एकच बाई होती.

गुरुवारी ती लॅपटॉप घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेली. मी आणि धनंजय मागे उभे.

"सर, एक विचारू? या हिरव्या शालूवाल्या बाई कोण?"

सरांनी चष्मा वर केला. "माझी मोठी बहीण. मंदाताई. काहून?"

"यांचे फोटो कधी राहतात, कधी नाही राहत."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वास्तुशांतीची पत्रिका मी तिले वॉट्सअ‍ॅपवर टाकली," ते हळू आवाजात म्हणाले. "घरी जाऊन दिली नाही. ती म्हणाली, आता मी तुह्या घरी येत नाही, माझा फोटोही ठेवू नको. मलेही राग आला. घरच्या फोटोंना बायको हात लावू देत नाही. इथलं फोल्डर माझ्या हातात होतं." मग घाईने म्हणाले, "डिलीट नाही केले गा. बाजूले काढून ठेवले. राखीले ती आली, मग परत टाकले."

"अन् दुसऱ्या उन्हाळ्यात?" मी विचारलं. मला विचारायचा हक्क होता.

"लोणच्यावरून झालं," सर म्हणाले.

लग्नातल्या दर दहाव्या फोटोत मंदाताई होत्या, फक्त माझ्या त्या तीस फोटोंत नेमक्या नव्हत्या. माझे आठ दिवस मला डोळ्यांपुढे दिसले, पण सरांचा चेहरा बघून राग काही येईना. उलट हसू यायला लागलं.

"म्हणजे माझं हिरवं बटण..." धनंजयने सुरुवात केली.

"बटण दिसते चांगलं," सर म्हणाले.

त्याच दुपारी जुनं आणि नवं सॉफ्टवेअर सारख्याच फोटोंवर चालवून बघितलं, मंदाताईंसकट. प्राजक्ताचं तीन वर्षांतलं सगळ्यांत वेगवान निघालं. सरांनी शुक्रवारची वाट पाहिली नाही, गुरुवारीच सही केली. तिने केबिनबाहेर येऊन आधी बाबांना फोन लावला आणि "झालं बाबा" एवढंच बोलून रडली. आम्हालाही भरून आलं.

संध्याकाळी निघताना सर तिच्या टेबलाशी थांबले. "त्या फोल्डरले कुलूप लाव. अन् पासवर्ड कोणाजवळही दे, माझ्याजवळ नको."

*

परवाची गोष्ट. सर सकाळी आले, कोणाशी बोलले नाहीत, चहा तसाच निवू दिला. टीव्हीवर रेषा सुतासारखी सरळ चालली होती. तिच्यासमोर जरा वेळ उभे राहिले, मग प्राजक्ताकडे गेले.

"त्या लग्नाच्या फोल्डरचा पासवर्ड काय आहे?"

"माझ्याजवळ नाही, सर."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. धनंजयकडे तर त्यांनी पाहिलंच नाही.

"मग कोणाजवळ आहे?"

प्राजक्ताने स्क्रीनवरची नजर काढली नाही. "मंदाताईंजवळ आहे. लागला तर फोन करून मागा म्हणाल्या."

सर तिथेच उभे राहिले. मग खिशातून मोबाइल काढला, गॅलरीत गेले आणि दार लोटून घेतलं. दार नीट लागत नाही आमचं. आतपर्यंत ऐकू आलं.

"ताई, जेवली का?"