नाव झाकून

रायरीकर सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळेगावच्या भाजी मंडईत मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत होते. फोन त्यांच्या पत्नीचा, विनयावहिनींचा. आवाज नेहमीसारखाच, बारीक आणि नेमका. "पोहे अर्धे खाल्ले आणि म्हणाले, जरा पडतो. पडले ते उठलेच नाहीत... तुम्ही येता का?" मी मेथी खाली ठेवली. भाजीवाल्या मावशींनी विचारलं, "काय झालं ओ बाई?" आणि मला चटकन सांगताच येईना की माझं कोण गेलं. नातेवाईक नव्हते. मित्र म्हणावं, तर इतकी वर्षं आम्ही भांडलोच. शेवटी म्हटलं, "आमच्या कॉलेजातले सर गेले." मावशी म्हणाल्या, "कंचं कालेज?" त्यांचा काय दोष? ते कॉलेज आता कुणी लक्षात ठेवावं असं काही कारणच उरलेलं नाही.

कामशेतच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की डोंगराच्या पायथ्याशी आमचं कॉलेज होतं. एमबीए शिकवणारं. मॅनेजमेंट, मार्केटिंग, फायनान्स, लीडरशिप... फाटकावरच्या बोर्डावर सगळे शब्द इंग्रजीत आणि बोर्डाखालच्या सावलीत कुणाच्या तरी म्हशी बसलेल्या. मी फायनान्स शिकवायची, सर मार्केटिंग आणि लीडरशिप. साबणाच्या एका कंपनीसाठी उभा महाराष्ट्र पालथा घालून ते शिकवायला आले होते. चांगली नोकरी का सोडली असं विचारलं की म्हणायचे, "साबण विकून हात फार स्वच्छ झाले होते, म्हटलं आता खडूने मळवू." आल्या आल्याच त्यांनी स्टाफरूममध्ये माझी कळ काढली. "कुलकर्णीबाई, तुमचं ते बॅलन्स शीट म्हणजे मेलेल्या माणसाची पत्रिका!" मी कसली गप्प बसते? म्हटलं, "आणि तुमचं मार्केटिंग म्हणजे न जन्मलेल्या बाळाचं बारसं." एवढे हसले की चहा शर्टावर सांडला. तिथून जे भांडण जुंपलं ते कॉलेजला कुलूप लागेपर्यंत थांबलं नाही.

शिकवायचे मात्र असे की मीसुद्धा कधीकधी दाराबाहेर उभी राहून ऐकायची. पुस्तकात चर्चेसाठी केस स्टडी असायच्या, अमेरिकेतल्या विमान कंपन्यांच्या, कुठल्याशा बुटांच्या कारखान्यांच्या. सर त्या दोन मिनिटांत उरकायचे आणि मग मावळातली केस काढायचे. लोणावळ्यातल्या चिक्कीच्या दुकानात मुलांना नुसतं उभं करायचे. काही विकायचं नाही, बोलायचं नाही, गिऱ्हाइकाचा हात पहिल्यांदा कुठे जातो ते फक्त बघायचं. एकदा केस होती पवना धरणाच्या काठावरच्या तंबूंची, तिकोणा पेठेतल्या एका माणसाने पर्यटकांसाठी टाकलेल्या. धंदा बुडत होता. वर्गात त्या माणसाचा सख्खा भाचा बसलेला. तो पोटतिडकीने सांगत होता, "सर, मामानी लय कष्ट घेतल्यात. बंद कसं करायचं?" सरांनी पुढे होऊन फळ्यावरच्या मामाच्या नावावर आपला तळवा ठेवला. म्हणाले, "हे नाव झाकलं. आता बाकीचे आकडे वाच आणि सांग." पोरगं एकेक आकडा वाचत गेलं. मग खाली मान घालून म्हणालं, "विकून टाकावं, सर."

हीच त्यांची रीत. निर्णय घेताना नाव झाकायचं. नाव दिसलं की जीव अडकतो, जीव अडकला की आकडे दिसेनासे होतात. मला ते पटायचं नाही. मी म्हणायची, "अहो, आपल्याच माणसाचं नाव झाकून कसला डोंबलाचा निर्णय?" ते म्हणायचे, "बाई, डॉक्टरने स्वतःच्या पोराला सुई टोचायची तर तोंड फिरवूनच टोचावी लागते ना?" यावर मी म्हणायची की तोंड फिरवून टोचलेली सुई भलतीकडेच घुसते. आणि पुन्हा आमचं सुरू.

हळूहळू वर्ग रिकामे व्हायला लागले. पोरं पुण्यात जायला लागली, नाहीतर घरबसल्या मोबाईलवर एमबीए करायला लागली. मग ट्रस्टींनी फर्मान काढलं की प्रत्येक प्राध्यापकाने गावोगाव फिरून ॲडमिशन आणायच्या. उन्हाळाभर आम्ही दारोदार. इतर कॉलेजांची माणसंही त्याच घरांत यायची, चकचकीत पुस्तिका घेऊन, नोकरीची खात्री देत. आमचे सर मार्केटिंगचे प्राध्यापक, पण विकायला बसले की तोंडाला कुलूप! परंदवडीला एका घरी गेलो होतो. दीपाली म्हणून मुलगी, बी. कॉम. झालेली, डोळे लखलखीत. तिचे वडील शेती करून सोमाटण्याजवळच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे. त्यांनी सरळच विचारलं, "सर, हे शिकून पोरीला कुटं नोकरी लागंल?" मी मनात म्हटलं, आता तरी बोला काहीतरी गोड. सर म्हणाले, "माहीत नाही, आबा. लागेलच असं सांगता येत नाही." मी कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी होता. आबा बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "तुमच्या आदी तीन कालेजवाले येऊन ग्येले. लय बोलले. तुमीच येकले न्हाई म्हनताय. तुमच्याच हितं घालतो."

दीपाली आली आणि सरांना जणू हवं ते मूल मिळालं. वहिनींना आणि त्यांना मूलबाळ नव्हतं, हे मी उगाच जोडून सांगत नाहीये. ती वर्गात हात वर करायची तेव्हा सर खडू खाली ठेवून ऐकायचे. माझ्याकडे फायनान्सलाही तीच पहिली. तिच्या डोक्यात आकडा शिरला की तो सरळ रेषेत चालायचा, इकडे नाही तिकडे नाही. "ही बघा," सर मला म्हणायचे, "ही उद्या कारखाने चालवील." पण तिच्या वर्गात तिच्या आजूबाजूला बाकं रिकामीच होती.

तेवढ्यात कुजबुज सुरू झाली की ट्रस्टी कॉलेज बंद करणार. डोंगराचा पायथा, समोर हिरवळ, हायवे जवळ... लग्नांसाठी रिसॉर्ट काढायला याहून चांगली जागा कुठली? सर झोपेनासे झाले. हे कॉलेज म्हणजे त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजू होती. मावळच्या पोरांना मावळातच हे शिक्षण मिळावं, यासाठी ते साबणाची कंपनी सोडून आले होते. ते बंद पडलं तर आपण आलो कशाला, हा एकच प्रश्न त्यांना सतावत होता. आणि मग त्यांना ती कल्पना सुचली. ट्रस्टींच्या बैठकीत विद्यार्थ्यांनीच मांडणी करायची. कॉलेज हीच केस. खर्च, उत्पन्न, पुढची वाट, सगळं मुलांनी अभ्यासून सांगायचं. "ट्रस्टी माझं ऐकणार नाहीत," म्हणाले, "पण पोरांनी वाट काढून दाखवली तर विरघळतील." मी म्हटलं, "सर, मुलांना यात ओढू नका." ते चिडले. "मग इतकी वर्षं शिकवलं काय आपण त्यांना?"

मुलांना त्यांनी काय मांडायचं ते मात्र सांगितलं नाही. एक अक्षर नाही. तसं सांगणं म्हणजे त्यांच्या लेखी कॉपी होती. बैठकीआधी मुलांच्या तक्त्यांवर नजरही टाकली नाही. असला माणूस! जगात दुसऱ्या कुणी प्राध्यापकाने आपली नोकरी वाचवायला विद्यार्थिनीला उभं केलं असतं, तर निदान तिच्या कानात सांगितलं तरी असतं की बाई, वाचव.

बैठकीला दीपाली नीट इस्त्री केलेला पंजाबी ड्रेस घालून आली. पडद्यावर पहिलं चित्र आलं ते आमच्या इमारतीचं, आणि दारावरच्या कॉलेजच्या नावावर तिने पांढरी पट्टी लावली होती. म्हणाली, "सरांनी आम्हाला शिकवलंय, निर्णय घेताना नाव झाकायचं." सर माझ्याकडे बघून हसले, अभिमानाने. मग ती बोलत गेली. कुठे किती मुलं येतात, का येत नाहीत, इमारतीवर किती जातं, पगारांवर किती, किती वर्षं हे ओढत नेता येईल. एकेक मुद्दा बांधत गेली. आजवर घातलेल्या पैशाकडे बघून पुढचं ठरवू नये, हे माझं वाक्य. तेही तिने वापरलं. आणि शेवटी, आवाज जराही न हलवता, म्हणाली, "त्यामुळे आमच्या गटाची शिफारस आहे की ही संस्था बंद करावी." ट्रस्टींना तर हर्षवायूच झाला. एकाने टाळ्या वाजवल्या. "वा, रायरीकर! तुमच्याच विद्यार्थिनीने सांगितलं. आता आम्हाला कोण नावं ठेवील?" सर उभे राहिले. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, हे मी शेजारी बसून बघितलंय. बाहेर टपरीवर चहा घेताना मी रडत होते आणि ते म्हणत होते, "एक चूक नव्हती हो बाई त्यात. शोधली मी. एक सापडली नाही."

तिथे आता रिसॉर्ट आहे. मी शिकवायची त्या खोलीत नवरीचा मेकअप होतो म्हणे. मी गेलेली नाही, जाणारही नाही.

सर घरी बसले. लोणावळ्यात, तुंगार्लीला तळ्याच्या बाजूला त्यांचं छोटं घर. इतर कॉलेजांना तरुण आणि पीएच. डी. झालेली माणसं हवी होती. मी अधूनमधून जायची, मुद्दाम भांडण उकरून काढायची. मार्केटिंगला शिव्या घालायची. ते म्हणायचे, "बरोबर आहे तुमचं." हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकण्यासाठी मी एके काळी काय वाटेल ते दिलं असतं... आणि आता ते ऐकलं की मी चपला घालून निघायची. लोक म्हणतात, शिक्षक विद्यार्थ्यांमधून उरतो. मला नाही तसं वाटत. त्यांचे विद्यार्थी कुठे कुठे नोकऱ्या करतात, वसुलीला जातात, विमे विकतात, रात्रपाळ्या करतात. सर त्यांच्यात कुठे उरलेत ते मला तरी दिसत नाही. माणूस गेला, त्याचं काम त्याच्याआधीच गेलं. एवढंच झालं.

तेराव्यानंतर काही दिवसांनी दीपालीचा फोन आला. ती आता तळेगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत कॉस्टिंग बघते. म्हणाली, "मॅडम, मला सरांच्या घरी, काकूंकडं जायचंय. एकटीनं जायचा धीर होत नाही." तिच्या स्कूटरवर मागे बसून निघाले. कार्ल्याच्या पुढे तिने न वळता विचारलं, "मॅडम, माझ्यामुळं झालं का?" तिला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलू शकले असते. पण मला खरंच माहीत नव्हतं, आणि तसंच मी सांगितलं. तिने मान हलवून स्कूटरचा वेग वाढवला.

वहिनींनी दार उघडलं. बाहेरच्या खोलीत, जिथे लोक टीव्ही लावतात त्या भिंतीवर, आमच्या वर्गातला फळा. सामान भंगारात निघालं तेव्हा सरांनी तो टेम्पोत घालून आणला होता म्हणे. वहिनी त्यावर आता गॅसचा नंबर लावल्याचं, दूधवाल्याच्या खाड्याचं लिहितात. दीपाली हमसून रडायला लागली. वहिनींनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी घरी आले आणि म्हणाले, दीपालीने आज कमाल केली. जेवले मात्र नाहीत. काय बोललीस गं तू? मला ऐकायचंय. सगळं."

"काकू, नको..."

"सांग. मला यातलं काही कळत नाही, पण सांग."

आणि ती पोरगी उठली. सवयीने फळ्याशेजारी जाऊन उभी राहिली, ओढणीने डोळे पुसले, आणि बोलायला लागली. आधी अडखळत, मग सरळ. मुलं, इमारत, पगार, पुढची वर्षं... तोच क्रम, तीच वाक्यं. वहिनी हात मांडीवर ठेवून, वर्गात बसावं तशा ऐकत होत्या. दीपाली शेवटच्या वाक्याशी आली, ते वाक्य म्हणाली आणि थांबली.

वहिनींनी अगदी साधेपणाने विचारलं, "ह्या सगळ्यात हे कुठे होते गं?"

मला वाटलं, दीपाली आता परत रडेल. पण तिला प्रश्न नेमका कळला होता, आणि त्याचं उत्तर तिच्याकडे तयार होतं. "खर्चात, काकू," ती म्हणाली. "सर खर्चाच्या बाजूला होते."

"हं," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे होते." आणि चहा टाकायला आत गेल्या. दीपाली फळ्यापाशी उभीच राहिली, कुणीतरी बस म्हणेल म्हणून थांबल्यासारखी. मला ते म्हणवेना.